दरवाज्यातून येणारा ताशा

आभासी वास्तवात किंवा संगणकीय खेळात ध्वनी खरा वाटावा यासाठी तो कोणत्या दिशेने येतो एवढे ठरवून भागत नाही. तो कोणत्या जागेतून येतो हेही कानाला कळावे लागते. यांपैकी दिशेचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. उजवीकडचा ध्वनी डाव्या कानाला जास्तीत जास्त सुमारे ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, डोक्याच्या आडोशाने त्यातील उच्च वारंवारतेचा भाग क्षीण होतो आणि बाह्यकर्णाच्या वळ्या प्रत्येक दिशेच्या ध्वनीवर वेगळा संस्कार करतात. या सर्व बदलांच्या गणिती नोंदीला ‘हेड-रिलेटेड ट्रान्स्फर फंक्शन’ म्हणतात व तिच्या आधारे साध्या हेडफोनमध्येही ध्वनी चहूबाजूंना मांडता येतो. प्रत्येकाचा कान निराळा असल्यामुळे सरासरी मापांवर बेतलेला ध्वनी पुढचा की मागचा याची गल्लत होते, परंतु डोके वळवताच ध्वनीची दिशाही त्याप्रमाणे बदलत गेली तर ती बरीचशी दूर होते.

खरी कसोटी भिंतींची आहे. प्रस्तुत लेखकाला तिचा प्रत्यय अनंत चतुर्दशीला, पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यालगतच्या एका जुन्या वाड्याच्या चौकात आला. मिरवणुकीतले ढोल-ताशा पथक दूर असतानाच ढोलाचा खर्जातला ठोका चौकभर भरला होता, पण तो कुठून येतो हे सांगता येत नव्हते. कारण १०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेतीन मीटर असते आणि एवढी लांब लहर भिंतीला सहज वळसा घालते. ताशाच्या तर्रीतील कडकडाटाच्या लहरी मात्र काही सेंटिमीटरांच्याच असल्याने भिंतीपाशी अडतात, त्यामुळे पथक दरवाज्यासमोर येईपर्यंत ताशा बोथट ऐकू येत होता आणि समोर येताच एकदम धारदार झाला. पुढे ताशेवाले दरवाज्याच्या डावीकडे सरकून भिंतीआड गेले तरी ताशा दरवाज्यातूनच वाजत राहिला. ते ज्या भिंतीमागे होते तिकडून तो आला नाही.

अनेक खेळांत नेमकी हीच गोष्ट सुटते. ध्वनिस्रोत आणि श्रोता यांच्यात सरळ रेषा कल्पून तिच्या आड भिंत आली की उच्च वारंवारता कापणारी गाळणी लावली जाते. ध्वनी त्यामुळे बोथट होतो, पण येत राहतो भिंतीतूनच, आणि खेळाडूला कारण न उमजताही ती जागा खोटी वाटते. यावरचा उपाय म्हणजे ध्वनीचा दार-खिडक्यांतून जाणारा मार्ग शोधून स्रोत त्या दाराखिडकीपाशी मांडणे, आणि याला गणनाशक्ती अधिक लागत असली तरी ती खर्च करण्याजोगी आहे. परावर्तनाचेही असेच आहे. तीन मीटरवरच्या भिंतीवरून आपल्याच टाळीचा ध्वनी साधारण १७-१८ मिलिसेकंदांत परततो, वेगळा प्रतिध्वनी म्हणून तो ऐकू येत नाही, तरी जागेचा आकार सांगून जातो. पाताळेश्वर लेण्याच्या कातळातून बाहेरच्या नंदीमंडपाकडे चालत येताना स्वतःच्या पावलांत हा पालट स्पष्ट ऐकू येतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने घडवलेल्या आणि २०२० मध्ये प्रकाशित झालेल्या ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’मध्ये नायिका बरेचदा दुरून, उंचावरून दिसते. अशा मांडणीच्या कोणत्याही खेळात श्रोत्याचे कान कॅमेऱ्यापाशी ठेवावेत की नायिकेपाशी, हा पेच असतो: कॅमेऱ्यापाशी ठेवले तर तिची पावलेही दूरची वाटतात, नायिकेपाशी ठेवले तर ती वळताच पडद्यावर उजवीकडे दिसणारा शत्रू डावीकडून ऐकू येतो. म्हणून पुष्कळदा दिशा कॅमेऱ्यावरून आणि अंतर नायिकेवरून मोजतात. ही तडजोड योग्यच आहे. मात्र वाड्याच्या चौकासारख्या जागेत परावर्तने नायिकेच्या जागेवरूनच काढावी लागतात, कारण कॅमेरा कौलांच्याही वर असतो आणि तिथे भिंतीच नसतात.