तांब्याचे वेढे आणि हलणारा अंगठा

माणूस खुर्चीत स्वस्थ बसलेला. डोक्याला सुई नाही, टाका नाही. डोक्याजवळ धरलेल्या कॉइलमधून ‘टक्’ असा आवाज येतो आणि त्याचा अंगठा आपोआप उडतो! त्यानं हलवलेलाच नाही! हा व्हिडिओ पाहून मी वेडाच झालो. कराडजवळच्या आमच्या मलकापुरातच कृष्णा हॉस्पिटलच्या आवारात फिजिओथेरपी शिकणाऱ्या शेजारच्या मुलीनं तो दाखवला. म्हणाली, ‘‘काका, यात तुमचीच तांब्याची तार आहे.’’

आणि खरंच आहे की! माझं मोटार वायंडिंगचं दुकान. कराड भागातल्या उसाच्या रानातून जळालेल्या मोटारी येतात, त्यांत नवे वेढे भरायचे, हे आयुष्यभराचं काम. बदलता प्रवाह तारेतून गेला की बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते जवळच्या दुसऱ्या वाहकात प्रवाह उभा करतं. हे फॅरेडे या शास्त्रज्ञानं १८३१ मध्ये दाखवलं. माझी भाकरी त्यावरच चालते. पण तो दुसरा वाहक म्हणजे जिवंत मेंदू असू शकतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं!

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ते करून दाखवलं. मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ हजारो अँपिअरचा झटका कॉइलमधून सोडायचा. क्षेत्र दीड-दोन टेस्ला, म्हणजे एमआरआय यंत्राच्या तोडीचं. विजेला कवटी अडवते, चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही. ते दोन-तीन सेंटिमीटर आत पोचतं, तिथल्या पेशी पेटतात आणि निरोप थेट अंगठ्याला! पुढे तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी कॉइल आली. दोन्ही वेटोळी जिथं भिडतात तिथं जोर एकवटतो, म्हणून नेमकी जागा गाठता येते. काय सुंदर वायंडिंग आहे ते!

आता पुढचं ऐका. १९९७ मध्ये लहानपणापासून अंध असलेले लोक बोटांनी ब्रेल वाचत असताना त्यांच्या मेंदूच्या मागच्या भागावर, जिथं एरवी डोळ्यांचं काम चालतं तिथं, संशोधकांनी हे झटके दिले. त्यांचं वाचन चुकायला लागलं! न दिसणाऱ्यांच्या मेंदूनं दृष्टीची जागा रिकामी ठेवलीच नव्हती, बोटांच्या कामाला लावली होती.

माझी मोटार प्रवाह तोडला की थांबते. मेंदू तसा नाही. ठरावीक लयीत झटके देत राहिलं, तर कॉइल बंद झाल्यावरही पेशींमधले दुवे काही काळ बळकट किंवा क्षीण राहतात. २००७ मध्ये आर्ने मे आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या मेंदूच्या कानाजवळच्या भागाला पाच दिवस असे झटके दिले, तर एमआरआयमध्ये मेंदूच्या करड्या द्रव्यात फरक दिसला. रचनेतच! अवघ्या पाच दिवसांत!

याच गुणामुळं औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेत २००८ मध्ये झटक्यांच्या या उपचाराला मान्यता मिळाली. २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत तीन मिनिटांचा उपचार साडेसदतीस मिनिटांच्या उपचाराइतकाच लागू पडला. आमच्या दारावरून जाणारा हायवे बंगळूरला पोचतो, तिथल्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेतही हा उपचार दिला जातो. डोक्यात धातूची क्लिप किंवा ऐकण्यासाठी कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्यांनी मात्र लांब राहायचं, आणि फार क्वचित फिट येऊ शकते, म्हणून हे काम जाणत्या डॉक्टरांचंच.

पण मला झोपू न देणारा प्रयोग वेगळाच आहे. १९९५ मध्ये आल्वारो पास्क्वाल-लिओने यांनी पियानो न येणाऱ्या माणसांना पाच बोटांचा एक सराव दिला, रोज दोन तास, पाच दिवस. रोज कॉइल फिरवून बोटांना हलवणारी मेंदूतली जागा मोजली. ती वाढत गेली. हे समजण्यासारखं आहे. पण दुसऱ्या गटानं बोट न हलवता नुसता मनात सराव केला, आणि त्यांचीही जागा तशीच वाढली! नुसत्या मनात आणून! वाजवण्यात ते थोडे मागे होते, पण एकदा प्रत्यक्ष सराव करताच बरोबरीला आले. ती मुलगी सांगते, लकवा झालेल्या पेशंटला म्हणूनच हात हलवल्याची कल्पना करायला लावतात.

मग इतकी वर्षं मोटारीच्या स्लॉटमध्ये तार बसवणाऱ्या माझ्या बोटांची जागा केवढी झाली असेल? कुणीतरी ती कॉइल फिरवून मोजावीच, मी डोकं पुढं करून बसायला तयार आहे!