एप्रिलमधली सावली

द्राक्षवेलीचा मांडव सावलीसाठी घालायचा, अशी आपली साधी समजूत. युरोपात ती खरीही ठरते. उन्हाळ्यात डोक्यावर पानं, हिवाळ्यात नुसत्या काड्या आणि अंगणभर ऊन. आमच्या पिंपळे गुरवमध्ये हिशेब उलटा. वेलीला झोपवील अशी थंडी इथे पडत नाही; मोकळी सोडली तर ती बारा महिने पालाच वाढवत बसेल. म्हणून महाराष्ट्रात वर्षाला दोन छाटण्या : एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. म्हणजे पत्र्याखाली बसवत नाही, नेमका तेव्हाच मांडव उघडा करायचा.

"ऐन उन्हात कशाला भादरता तिला?" आई दरवर्षी विचारते. समोरचे काका तासगावकडचे. कंपनीतल्या नोकरीपायी इकडे आले, पण हात अजून बागायतदाराचेच. ते म्हणतात, "वहिनी, आत्ता सावली राखली तर पुढं पानंच खायची."

काकांचं खरं आहे. खरड छाटणीनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यात पुढच्या मोसमाचा घड साधारण दीड-दोन महिन्यांत ठरून जातो. ऑक्टोबरची छाटणी त्याला फक्त बाहेर काढते. घड आणि बाळी मुळात एकाच अंकुराची रूपं. ऊन भरपूर आणि पाणी बेताचं मिळालं तर त्याचा घड होतो. पानांची दाटी झाली, आभाळ धरून राहिलं, की नुसती बाळी, आधार शोधत वळवळणारी.

आमच्या गल्लीत पश्चिमेला चार मजले चढले, तेव्हापासून त्या बाजूच्या काड्यांवर बाळ्याच जास्त. नळाला पाणी २०१९पासून दिवसाआड येतं, त्याची तक्रार आम्ही करतो, वेल नाही. पाण्याचा ताण तिला सोसतो, उन्हाची तूट नाही.

पावसाळ्यात वेलीवर केवडा रोग येतो. त्यावर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण. फ्रान्समध्ये वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींना हा निळा लेप देत. केवडा नेमका त्याच वेलींवर नाही, हे मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५मध्ये त्याने हे औषध जाहीर केलं. गल्लीतल्या पोरांना या इतिहासाचा धाक नाही. आणि फवारायचं तर आधी शेजारच्या दोरीवरचे कपडे निघाले का, ते बघावं लागतं.

यंदा घरात तह झाला. गेटकडची बाजू खरडायची, आईच्या खुर्चीवरची राखायची. मला हा तह पटलेला आहे; द्राक्षं मंडईत मिळतात. काकांना मात्र अजिबात पटलेला नाही. "तिथं घड लागायचा नाही," असं बजावून झालं. मग "निदान दाटी तरी कमी करू" म्हणत कात्री मागून घेतली आणि आईची खुर्ची बाजूला सरकवून स्टुलावर चढले.