कळ कोठे असावी

‘आपल्या विषयावर सर्वसामान्य वाचकाला समजेल असे काही लिहा,’ अशी सूचना या अंकाच्या संपादकांनी केली. उपकरणांची बाह्यरचना हा विषय सर्वसामान्य वाचकाला समजण्याजोगा असला तरी तो समजून घ्यावा असे त्याला क्वचितच वाटते, हा माझा आजवरचा अनुभव मी त्यांच्या कानावर घातला. आणि सध्या हाती कोणते काम आहे या त्यांच्या प्रश्नाला, एका लहानशा संगणकाची चालू-बंद करण्याची कळ पेटीवर कोठे असावी याचा विचार गेले काही महिने करीत आहे, असे उत्तर दिले तेव्हा दूरध्वनीच्या पलीकडल्या टोकाला जो विराम पडला, त्याचा अर्थ ओळखण्याइतके माझे केस आता पांढरे झाले आहेत. एवढ्याशा बटणासाठी तज्ज्ञ लागतो काय, हा प्रश्न त्यांनी सौजन्याने विचारला नाही. पण तो मला इतरांनी इतक्या वेळा विचारला आहे, की न विचारताही त्याचे उत्तर देण्याची मला सवय झाली आहे.

आमच्या व्यवसायाविषयी दोन समज रूढ आहेत. अभियंत्यांनी सिद्ध केलेल्या वस्तूला शेवटी आम्ही रंगरूप देतो, हा पहिला. तो दूर करण्याचा नाद मी सोडून दिला आहे. बटण हे जागा उरेल तेथे बसवायचे असते, त्यात विचार करण्यासारखे काही नसते, हा दुसरा. आणि या समजाला २०२४ सालच्या अखेरीस जगभर एक विनोदी धक्का बसला. ॲपल कंपनीने ‘मॅक मिनी’ या आपल्या छोट्या संगणकाची नवी आवृत्ती त्या वेळी बाजारात आणली. २००५ साली हे यंत्र प्रथम निघाले तेव्हा साडेसहा इंच लांबीरुंदीचे होते, २०१० साली ते पसरून ७.७ इंचांचे झाले, आणि आता ते एकदम पाच इंच लांब, पाच इंच रुंद व दोन इंच उंच अशा आकाराला आले. आणि जी कळ इतकी वर्षे पाठीमागे होती ती या फेरफारात पेटीच्या तळाशी, मागच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसली. यंत्र चालू करायचे तर पेटी किंचित उचलावी किंवा बोट खाली सरकवावे! याच कंपनीच्या माउसला चार्जिंगचे छिद्र पोटाखाली दिलेले असल्यामुळे चार्जिंग चालू असताना तो वापरता येत नाही, हे २०१५ पासूनचे गाऱ्हाणे लोकांच्या स्मरणात होतेच, त्यामुळे उपहासाला भरती आली. माझ्या भाच्याने तर ते यंत्र उलटे ठेवल्याचे एक चित्र मला धाडून, ‘मामा, हे तुमच्या मंडळींचे काम’ असा अभिप्रायही कळवला.

माझे मत असे, की लोक हसले ते चुकीच्या कारणासाठी हसले. ते समजावून सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल. वाचकांनी कंटाळू नये.

१९८१ साली आयबीएम कंपनीने जो वैयक्तिक संगणक काढला, त्याच्या उजव्या अंगाला, अगदी मागच्या बाजूस, एक भला मोठा लाल स्विच होता. तो तेथे का होता याचे उत्तर सरळ आहे: विजेचे रूपांतर करणारा घटक पेटीच्या त्याच कोपऱ्यात होता, आणि भिंतीतून येणारा प्रवाह प्रत्यक्ष त्या स्विचमधून जात होता. पुढे स्विच दर्शनी भागावर आणण्याची टूम निघाली तेव्हा, ज्यांनी त्या काळच्या पेट्या उघडल्या असतील त्यांना आठवेल, की जाड वेष्टनाच्या चार तारा पाठीपासून पुढच्या पट्टीपर्यंत ओढून आणाव्या लागत, आणि त्यांतून २३० व्होल्टचा जिवंत प्रवाह खेळत असे. अशा व्यवस्थेत स्विच तारेला बांधलेला होता. तो खाली पाडला की वीज तुटली, मग आत कोणते काम चालले आहे याची त्याला फिकीर नव्हती. म्हणूनच ‘विंडोज ९५’ आपला सर्व कारभार आवरून, आता यंत्र बंद करण्यास हरकत नाही, असा लेखी खुलासा पडद्यावर करी आणि मग माणसाने हात पुढे करून स्विच पाडावा अशी अपेक्षा ठेवी.

१९९५ साली इंटेलने ‘एटीएक्स’ नावाची रचना प्रसृत केली आणि हा संबंध तुटला. यापुढे कळ विजेच्या मार्गात राहिली नाही. तिच्यापासून दोन बारीक तारा मदरबोर्डावरच्या दोन खिळ्यांना जातात. संगणक ‘बंद’ असतानाही पाच व्होल्टचा एक क्षीण प्रवाह आत जागता असतो. आणि कळ दाबली असता मदरबोर्ड एका हिरव्या तारेवरचा दाब शून्यावर आणून वीजघटकाला मुख्य प्रवाह सोडण्याविषयी कळवतो. म्हणजे जो पूर्वी हुकूम होता तो आता अर्ज झाला: चालू यंत्राची कळ दाबली म्हणजे ते बंद होतेच असे नाही, बंद व्हावे, निद्रिस्त व्हावे की काहीच करू नये याचा निवाडा आतली कार्यप्रणाली करते. कळ चार सेकंदांहून अधिक काळ दाबून धरली तर मात्र कार्यप्रणालीला न विचारता वीज तोडावी, ही तरतूद १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या ‘एसीपीआय’ नावाच्या नियमावलीत आहे. या चार सेकंदांशी पुढे आपल्याला काम पडणार आहे. सुशिक्षित गृहस्थसुद्धा ‘मी बटण बंद केले, म्हणजे आता वीज खात नाही’ असे मला आजही ठणकावून सांगतात, आणि मी मान डोलावतो.

तात्पर्य, कळ तारेपासून मोकळी झाली, पेटीच्या कोणत्याही अंगावर बसण्याची मुभा तिला मिळाली. ती कोठे बसवावी हा प्रश्न त्या दिवसापासून खऱ्या अर्थाने आमचा झाला. मोठ्या पेट्यांच्या काळात तो सोपा होता; पेटी लहान झाली तशी कठीण झाला, आणि त्याचे कारण केवळ जागेची टंचाई हे नव्हे. कोणतीही कळ दाबायची तर दाबणाऱ्या बोटाला कोणी तरी उलट आधार द्यावा लागतो. या जातीच्या कळांना साधारणतः दीड ते अडीच न्यूटन बल पुरते, पण घाईतले बोट त्याच्या कितीतरी पट जोर लावते. आणि पाऊण किलोच्या आतबाहेर वजन असलेली पेटी गुळगुळीत मेजावर त्या जोराला आधार न देता मागे सरकते. मागच्या बाजूस कळ असेल तर पेटी पुढे येते, आणि पाठीमागच्या ताठ केबली तिला आपल्या बाजूला ओढत असतात ते वेगळेच. वरच्या पृष्ठावर कळ ठेवली तर आधार मेजच देते, म्हणून यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ती जागा उत्तम. इंटेलच्या ‘नक’ या चार इंची संगणकाच्या पहिल्या आवृत्त्यांत ती तेथेच होती. परंतु सपाट पृष्ठ दिसले की त्यावर पुस्तक, चहाची बशी वा दुसरी पेटी ठेवण्याचा मोह माणसाला आवरत नाही, आणि ‘नक’ची कळही पुढे दर्शनी भागावर आली. आता या कसोटीवर त्या हास्यास्पद ठरलेल्या तळच्या कळेकडे पाहावे: तर्जनी खाली, अंगठा वर, आणि चिमटीत धरलेला कोपरा. बोटाला लागणारा आधार हाताच्याच अंगठ्याने दिला, पेटी जागची हलत नाही, आणि धक्का लागून चुकून कळ दाबली जाण्याचा संभवही जवळजवळ उरत नाही. ज्या कोणी हे ठरवले त्याला आपला धंदा कळत होता, हे मला मान्य केले पाहिजे, आणि ते भाच्याला पटवण्यात मला यश आलेले नाही.

मग माझी तक्रार कशाविषयी? ती या कळेच्या समर्थनार्थ पुढे आलेल्या कैफियतीविषयी आहे. ॲपलच्या विपणनविभागाचे प्रमुख ग्रेग जोस्वियाक यांनी एका मुलाखतीत जे सांगितले त्याचा आशय असा होता, की यंत्र इतके लहान केल्यावर कळेला कोठे तरी जागा द्यावीच लागते, आणि मॅकची ही कळ मनुष्य सहसा वापरीतच नाही. यातला पहिला भाग निर्विवाद आहे. दुसरा भाग ज्या घरात यंत्र कायम जागे किंवा निद्रिस्त असते त्या घरापुरता खरा आहे. अमेरिकेत भिंतीवरच्या सॉकेटला सहसा स्वतंत्र स्विच नसतो. आपल्याकडे तो असतो, आणि निजण्यापूर्वी घरातले सर्व स्विच पाडून ठेवणे हा गृहकर्तव्याचाच एक भाग मानला जातो. माझ्या सासूबाई दूरचित्रवाणी संचाचा स्विच भिंतीवर बंद केल्यावाचून झोपावयास गेल्याचे मला स्मरत नाही. त्यातून पुण्यासारख्या शहरातही गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार हे आपण गृहीत धरून चाललेले असतो, आणि गावाकडच्या भारनियमनाविषयी तर बोलावयास नको. भिंतीवरचा स्विच पडला की तो जागता पाच व्होल्टचा प्रवाहही संपतो. वीज परत आली तरी यंत्र, त्याला तसे शिकवून ठेवले नसेल तर, मुकाट पडून राहते. मग कळेवाचून गत्यंतर नाही. वर्षातून दोनदा लागणारी म्हणून जी वस्तू तळाशी ढकलली, ती येथे रोज सकाळी लागते.

शिवाय ‘क्वचित लागते, सबब लपवली तरी चालते’ हा युक्तिवादच मुळात उलटा आहे. रोजच्या गोष्टीची हाताला सवय होते, ती अंधारातही सापडते. क्वचित लागणारी गोष्ट डोळ्यांना दिसावी लागते, कारण हाताला तिची ओळख नसते, आणि ती लागते तेव्हा बहुधा काही तरी बिघडलेले असते, पडदा गोठलेला असतो व माणूस घाबरलेला असतो.

हे सर्व मी इतक्या अगत्याने लिहितो आहे याला कारण वर उल्लेखिलेले काम. शाळा आणि लहान कार्यालये यांच्यासाठी लिटरभर आकारमानाचा संगणक बनवणाऱ्या एका कंपनीने सल्ल्यासाठी मला बोलावले. माझी तजवीज साधी होती: कळ दर्शनी भागावर उजवीकडे खाली असावी, पृष्ठापासून एक मिलिमीटर आत असावी, आणि तिच्यातच दिवा असावा. समितीने ती ऐकून घेतली, टिपून घेतली, आणि पुढचा भाग ‘स्वच्छ’ दिसावा या सबबीवर कळ पाठीमागे नेली. चाचणीसाठी यंत्रे एका शाळेत गेली. काही दिवसांनी, ‘चालू होतात आणि आपोआप बंद पडतात’ असा शेरा घेऊन त्यांतली बरीच परत आली. अभियंत्यांना एकाही यंत्रात दोष सापडेना. दोष नव्हताच. पडद्यामागे हात घालून चाचपडणाऱ्या मुलाला कळ सापडली की तो ती धरून ठेवी, कारण दिवा लागलेला त्याला दिसत नसे; यंत्र सुरू होई, चार सेकंद उलटत, आणि नियमावलीबरहुकूम ते पुन्हा बंद होई. नियमावली बरोबर, यंत्र बरोबर, मुलगाही बरोबर. कंपनीने यावर उपाय म्हणून भिंतीवर लावण्यासाठी एक सूचनापत्रक छापले.

माझ्या बाजूविषयी मला शंका नाहीत असे मात्र नाही. दर्शनी कळेला धक्का लागतो, लहान मुले ती हटकून दाबतात. ॲपलच्याच २००० सालच्या ‘क्यूब’ संगणकावर वरच्या बाजूला नुसत्या स्पर्शाने चालणारी कळ होती, आणि हात ओझरता लागला तरी यंत्र झोपी जाते अशी तक्रार तेव्हा होती. समितीतल्या एका तरुण अभियंत्याने हाच आक्षेप घेतला, आणि तो मी उडवून लावला नाही. पण ‘कळ अल्पकाळ दाबल्यास काहीही करू नये’ अशी ताकीद कार्यप्रणालीला एका खुणेने देता येते, म्हणजे पुढच्या कळेचा धोका पुष्कळसा आज्ञावलीतूनच निवारता येतो. मागे लपलेली कळ मात्र कोणत्याही आज्ञावलीने पुढे आणता येत नाही. या मुद्द्यावर तो अभियंता गप्प राहिला. पटले म्हणून की कंटाळला म्हणून, हे सांगता येणार नाही.

ज्यांच्या घरी असा छोटा संगणक आहे त्यांना एवढेच सुचवतो, की यंत्राच्या प्रारंभिक मांडणीत वीज परत आल्यावर काय करावे याचा एक पर्याय बहुधा असतो, मॅकमध्येही तो आहे. तो ‘आपोआप सुरू व्हावे’ असा करून ठेवला म्हणजे भिंतीवरच्या स्विचनेच काम भागते. रात्री यंत्र रीतसर बंद केल्याशिवाय तो स्विच पाडू नये, हे आमच्या घरी अजून सर्वांच्या गळी उतरलेले नाही. पडद्याच्या पाठीवर चार स्क्रूंनी पेटी टांगण्याची जी नवी चाल पडली आहे तिच्यापुढे मात्र माझी दर्शनी कळही निरुपयोगी ठरते, कारण टांगलेल्या पेटीला दर्शनी भाग असा उरतच नाही. तेथे कीबोर्डवरच एक कळ द्यावी, असे मला वाटते. १९८७ सालच्या ‘मॅकिंटॉश टू’ला ती होती, आणि ती सोय पुढे का सोडून दिली याचे समाधानकारक कारण मला कोणी दिलेले नाही. हीच सूचना मी कंपनीला लेखी कळवली आहे. पुढील बैठक दिवाळीनंतर आहे, आणि विषयपत्रिकेत हा विषय ‘खोक्याचा रंग’ याच्या खाली घातलेला आहे.