कंठापासून कानापर्यंत

संगणकासमोर बसून गाणारा माणूस कानाला हेडफोन लावतो, तेव्हा त्याला ऐकू येणारा आवाज त्या क्षणाचा नसतो. नुकत्याच सरलेल्या क्षणाचा असतो. मायक्रोफोनमधून आलेला नाद सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो. ते आकडे संगणकाच्या स्मृतीतील एका लहानशा हौदात साठतात आणि हौद भरला म्हणजेच पुढे सोडले जातात. या हौदास तंत्रज्ञ बफर म्हणतात. आमच्या नगर जिल्ह्यातील शेतकऱ्यास हे निराळे समजावून सांगावयास नको. हौद मोठा असेल तर तो भरेपर्यंत थांबावे लागते. लहान असेल तर पाणी लगेच सुटते, पण मोटार क्षणभर अडखळली की पाट कोरडा.

१,०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंदांचा विलंब. आत येताना तेवढा आणि बाहेर पडताना पुन्हा तेवढाच. १२८ नमुन्यांचा ठेवला तर एका फेरीस जेमतेम तीन. ध्वनी हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर चालतो. म्हणजे चर्चमध्ये दहा मीटरवर वाजणारी हार्मोनियमदेखील आपल्याला जवळजवळ तीस मिलिसेकंद उशिराच ऐकू येते, आणि आमचे गायनवृंद ते निभावून नेतात. स्वतःच्याच आवाजाचा उशीर मात्र माणसाला सोसत नाही.

याचा प्रत्यय राहुरी तालुक्यातील एका वस्तीवर आला. ऐंशी ओलांडलेल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करावयाच्या होत्या. शब्द कोणीही वहीत उतरवून घेईल. चाल मात्र आता त्या एकट्याच्याच कंठात उरली आहे. सोबतच्या तरुणाने हौसेने त्यांना हेडफोन चढवला. दुसऱ्या चरणावर आजी थांबल्या. "फादर, कोनीतरी माझ्या मागनं मला येडावतंय बघा!" हेडफोन काढताच त्या सलग गाऊ लागल्या.

विलंब टाळण्याचा साधा मार्ग हाच, की गायकाचा आवाज संगणकातून फिरवून त्याला ऐकवूच नये. बाहेरून जोडावयाच्या बहुतेक ध्वनियंत्रांवर मायक्रोफोनचा आवाज थेट हेडफोनकडे नेण्याची सोय असते. मग बफर खुशाल मोठा ठेवावा. जुन्या चालीवर नवे वाद्य चढवावयाचे असेल आणि ते संगणकातूनच ऐकावयाचे असेल, तेव्हाच तो लहान करावा. विंडोजवर त्यासाठी यंत्राच्या उत्पादकाचा स्वतःचा ए.एस.आय.ओ. ड्रायव्हर घालावा. ही पद्धत जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली आणली. संगणकातील मधले टप्पे ती वगळते.

खंड पडणे हे अधिक घातक. संगणक दुसऱ्या कामात गुंतला, हौद वेळेवर रिकामा झाला नाही, की नाद सांडतो आणि मुद्रणात 'टक्' एवढेच उरते. ओवीतले एक अक्षर गेले की गेलेच. म्हणून मुद्रणापूर्वी वायफाय बंद करावे, विषाणूरोधक तपासणी व आपोआप होणारी अद्ययावती थांबवावी, ध्वनियंत्राची वायर हबमधून न नेता थेट संगणकाला जोडावी. खेड्यात आणखी एक पेच पडतो. विजेच्या जोडणीला नीट अर्थिंग नसले तर चार्जर लावताच घूं असा आवाज मुद्रणात शिरतो. चार्जर काढावा, तर बॅटरी वाचविण्यासाठी संगणक आपली गती उतरवतो आणि खंड पडू लागतात. तेव्हा चार्जर काढण्यापूर्वी वीजबचतीची योजना बदलून पूर्ण क्षमतेची करून घ्यावी.

एवढी यातायात कशासाठी, असे काही वाचकांस वाटेल. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. बर्नार्ड बेल हे संगणक व संगीत दोन्ही जाणणारे गृहस्थ १९९० च्या दशकात त्यांना मिळाले, आणि शब्दांबरोबर आवाजही जपला गेला. २०१७ पासून 'पारी' हे ग्रामीण भारताचे संग्रहालय त्या ओव्या प्रसिद्ध करू लागले. गाणाऱ्यांपैकी अनेक जणी आज हयात नाहीत. त्यांचा स्वर ऐकता येतो.

माझे स्पष्ट मत असे, की वस्तीवर केवळ आवाज टिपून आणावयाचा असेल तर संगणक नेऊच नये. पेन्सिल सेलवर चालणारा खिशाएवढा रेकॉर्डर पुरतो. त्याला दुसरे काम नसते. संगणक नेलाच, तर मी तो रेकॉर्डरही आजींच्या पाटाशेजारी चालू करून ठेवतो, आणि घरी आल्यावर आधी त्याचेच मुद्रण ऐकतो.