गुलमंडी ते शहागंज : एका कारागिराचा शोध

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत गुलमंडीवरील एका कापड व्यापारी कुटुंबाच्या लोखंडी कपाटातून जुना कॅमेरा निघाला. अ‍ॅग्फा क्लिक थ्री. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनविलेला हा साधा कॅमेरा एके काळी अनेक मध्यमवर्गीय घरांत असे. एका रिळात बारा चौकोनी छायाचित्रे निघत. घरातील दिवंगत वडील कचनेरच्या कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला जाताना तो आवर्जून गळ्यात अडकवीत. आता खटका दाबला तरी झडप हलत नव्हती. मात्र पाठीमागच्या लाल खिडकीत ‘९’ हा आकडा दिसत होता. म्हणजे आत रीळ होते आणि त्यावर वडिलांनी घेतलेली अखेरची छायाचित्रे होती.

थोरल्या चिरंजीवांनी कॅमेरा रुमालात गुंडाळला आणि ते टिळक पथाने पैठण गेटकडे निघाले. तेथे मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांची गर्दी असते. एका तरुणाने उत्साहाने कॅमेरा हातात घेतला व थेट मागचे झाकण उघडण्यासाठी बोट घातले. चिरंजीवांनी तो चटकन मागे घेतला. क्षणभर उजेड लागला असता, तरी सारे संपले असते. औरंगपुऱ्यातील एका स्टुडिओत उत्तर मिळाले, “ठेवून जा, मुंबईला बोरा बाजारात पाठवू.” पावतीचे विचारताच मालकाने हसून विषय बदलला. आयुष्यभर पेढीवर बसलेल्या माणसाला एवढी खूण पुरेशी होती. पावतीवाचून माल सोडण्याची रीत त्यांच्या घरात नव्हती.

मछली खडक, सिटी चौक असे करीत ते सराफ्यात आले. या शहराचे आणि कॅमेऱ्याचे नाते जुने आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अजिंठा-वेरूळची छायाचित्रे घेतली. त्यांचा ग्रंथ 1864 साली प्रसिद्ध झाला. पुढे निजामाचे छायाचित्रकार झालेल्या लाला दीनदयाळ यांनीही वेरूळ आणि दौलताबाद आपल्या कॅमेऱ्यात टिपले. 1844 साली मेरठजवळच्या सरधन्यात जन्मलेले हे थोर कलावंत जवाहिऱ्यांच्या जैन कुटुंबातील होते, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. त्या काळी काचेच्या पट्टीवर चित्र घेत. ती पट्टी नीट सांभाळणारा सहायक छायाचित्रकाराइतकाच मोलाचा असे.

शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ एका बोळात एक वृद्ध घड्याळजी बसत. पूर्वी शहरातील स्टुडिओंचे कॅमेरे त्यांच्याकडे येत. त्यांनी कॅमेरा घेतला, पण उघडला नाही. आधी चष्मा वर करून लाल खिडकीत पाहिले.

“शेठजी, आत रीळ आहे. हे कोणाचे?”

“वडिलांचे, चाचा.”

“मग आधी रीळ, नंतर दुरुस्ती.”

झडप अडकली असली तरी या कॅमेऱ्यात रीळ गुंडाळण्याची चावी स्वतंत्र असते. त्यांनी ती सावकाश फिरविली. आकडे बारापर्यंत सरकले, मग पाठचा कागद संपला. काळ्या कापडाच्या पिशवीत हात घालून त्यांनी रीळ काढले, कागदी पट्टीने बंद केले व चिरंजीवांच्या हाती दिले. रीळ धुणे हे आपले काम नव्हे, कृष्णधवल असेल तर आशा आहे, रंगीत असेल तर थोडीच, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यानंतर चिरंजीवांच्या डोळ्यांदेखत स्क्रू काढले. स्प्रिंग शाबूत होती. वंगण वाळून झडप चिकटली होती. भिंगाच्या कडेला बुरशीचे धागे होते. ते पुसता येतील, पण बुरशीने काचेला पाडलेला डाग घासला तर भिंग अधिकच बिघडेल, म्हणून तो राहू द्यावा, असे ते म्हणाले. एक झिजलेला स्क्रू बदलला, तोही त्यांनी पुडीत बांधून परत दिला. मजुरी केवळ साफसफाईची घेतली व कागदावर तसे लिहून दिले.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे. अस्सल म्हणून नक्कल देणे, हा त्याचा अर्थ. ज्या वस्तूच्या पोटात काय आहे हे ग्राहकाला दिसत नाही, तेथे हा मोह सर्वांत मोठा असतो. म्हणून कारागीर पारखताना त्याच्या दुकानाची पाटी पाहू नये. तो कोठे हात आवरतो, काय जमणार नाही म्हणतो आणि काढलेला भाग परत देतो का, हे पाहावे. आपली साखही बाजाराने अशाच गोष्टींवरून ठरविलेली असते.

रीळ पुढे मुंबईला धुऊन आले. आठपैकी तीनच चित्रे उमटली, तीही धूसर. एकात कचनेरच्या मंदिरासमोर घरची मंडळी उभी आहेत. सूर्य पाठीशी ठेवून चित्र घ्यावे, असा तेव्हाचा नियम होता. त्यामुळे मंडळींच्या पायांशी चित्र घेणाऱ्याची लांब सावली पडली आहे. घरातल्या साऱ्या चित्रसंग्रहात वडील फार थोड्या ठिकाणी आहेत, कारण कॅमेरा त्यांच्याच हाती असे. आता हे चित्र पेढीवर लावलेले आहे, आणि त्याच्याखालच्या खणात घड्याळजींनी दिलेली ती पुडी व पावती जपून ठेवली आहे.