आईचे हात

सेमिनरीच्या सुट्टीत आम्ही आईचे हात टाकाने रेखाटावयास बसलो. पेन्सिलीची छटा साधली होती: आधी २एच, मग २बी, शेवटी ६बी, चुकल्यास रबर होतेच. शाईचा काळेपणा मात्र एकच. उजेडाकडे रेषा विरळ, सावलीकडे दाट, वर आडवी जाळी, आणि पांढरे म्हणजे न स्पर्शलेला कागद. ड्यूररने १५०८ साली प्रार्थनेला जोडलेले हात काढले ते निळ्या कागदावर. उजेड त्याला पांढऱ्या रंगाने वरून देता आला. आम्हांला ती सोय नव्हती, धीरही नव्हता. बोटांच्या पेरांवरचा उजेड जाळीखाली बुजला. पुढच्या सुट्टीआधीच आई देवाघरी गेली.

आता पन्नाशीत आम्ही रात्री छटांची पट्टी गिरवतो: पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत ९ घरे. चौथे घर अजूनही अकाली काळवंडते.