मारिओवाले आणि सॉनिकवाले

इथे रोज कुणी ना कुणी जुन्या सुरतेच्या आठवणी लिहितं. गणपती, लग्नं, भुसावळ पॅसेंजरमधली गर्दी, सगळं येऊन गेलं. आज मी जरा वेगळं लिहितो. व्हिडिओ गेमबद्दल. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. आबा लूम्सच्या खात्यात कामाला लागले आणि बमरोलीत एका खोलीत आमचा संसार सुरू झाला. बारा तासांची पाळी, कधी दिवसाची, कधी रातची. दोन खोल्या सोडून काका राहायचे. काकांनी भागीत चार लूम घेतले होते, त्यामुळे त्यांचं आमच्यापेक्षा बरं चाललेलं. त्यांचा संजू आणि मी मराठी शाळेत एकाच वर्गात, एकाच बाकावर.

१९९६ च्या उन्हाळ्यात संजूच्या घरी सेगा आला. काळा, चपटा मेगा ड्राइव्ह, १६ बिटचा. त्याच्या आदल्याच वर्षी शॉ वॉलेसने तो भारतात विकायला काढला होता, किंमत १८,००० रुपये. काकांनी मुंबईच्या कुणा पाहुण्याकडून वापरलेला घेतला, तरी गल्लीत बातमी झालीच. त्यात सॉनिक होता. निळा, काटेरी, वाऱ्यासारखा पळणारा. आम्ही सगळी पोरं दारात चपलांचा ढीग करून बघत बसायचो. माझा नंबर यायचा तोवर काकू टीव्ही बंद करायच्या.

दिवाळीला आबा रातपाळी सुटल्यावर घरी न येता थेट उधन्याला गेले. दुपारी खोका घेऊन आले. जपानच्या निन्टेंडोने १९८३ साली काढलेल्या सेटची ती नक्कल होती, ८ बिटची. त्या काळात बहुतेक घरांत हीच असायची. वर भलत्याच कंपनीचं नाव. पिवळ्या कॅसेटवर लिहिलेलं ‘९९९ इन १’, आत मोजून दहा-बारा गेम, तेच तेच फिरून यायचे. चालू झाला नाही तर कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. पण त्यात मारिओ होता आणि कॉन्ट्रा होता. मला त्या रात्री झोप लागली नाही.

आणि मग गल्लीत दोन पक्ष पडले. संजूचं म्हणणं, १६ म्हणजे ८ च्या दुप्पट, विषय संपला. सॉनिकचे रंग बघ, वेग बघ. मी म्हणायचो, नुसतं पळण्यात काय आहे? मारिओत पाइपात उतरलं की खाली अख्खी खोली निघते. आणि कॉन्ट्रात दोघं जोडीने लढतात, तुझ्या सॉनिकमध्ये दुसरा काय करतो? बघत बसतो! वाद इतके व्हायचे की शेवटी कुणाची तरी आई बाहेर यायची.

एकदा आम्ही त्याची कॅसेट माझ्या सेटमध्ये घालून पाहिली. बसलीच नाही. माझी त्याच्यात बसेना. आम्हाला वाटलं, आपलंच काही चुकतंय. पुढे कळलं की ते मुद्दाम केलेलं असतं. मारिओ फक्त निन्टेंडोवर. त्याला टक्कर द्यायला सेगाने १९९१ साली सॉनिक काढला, तो फक्त सेगावर. गेमसाठी लोकांनी डबा घ्यावा, हा हिशेब. हेच भांडण तिकडे जपान-अमेरिकेत चालू होतं, आणि आम्ही बमरोलीत बसून ते आपलं समजून लढत होतो.

एका दुपारी संजू सगळ्यांसमोर म्हणाला, “तुझा डुप्लिकेट आहे. निन्टेंडो लिहिलंय का त्याच्यावर कुठे?” पोरं हसली. मी तडक घरी आलो. आबा रातपाळी करून झोपलेले. मी रिमोट आपटला आणि ओरडलो, “तुम्ही डुप्लिकेट आणलं! काकांनी ओरिजिनल आणलं!”

आबा उठून बसले. काही बोलले नाहीत. रिमोट उचलला, त्याची वायर नीट गुंडाळली, टीव्हीजवळ ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून परत आडवे झाले.

त्यानंतर मी संजूकडे गेलो नाही, तो आमच्याकडे आला नाही. दहावीपर्यंत बाकही बदलला. पुढे काकांनी दुसऱ्या भागात घर घेतलं. बोलणं राहिलं, पण लग्नकार्यापुरतं.

२००१ मध्ये सेगाने डबे बनवणंच बंद केलं. पेपरात वाचून मला वाटलं, जिंकलो! खरं तर तोवर आमचा सेट केव्हाच माळ्यावर गेला होता. त्याच वर्षी सॉनिक निन्टेंडोवर आला. आणि २००७ मध्ये तर मारिओ आणि सॉनिक एकाच ऑलिम्पिकच्या गेममध्ये बरोबर उतरले. ज्यांच्यासाठी आम्ही भांडलो ते एकत्र आले. आम्ही मात्र नाही.

आता मागच्या दिवाळीची गोष्ट. माझा मुलगा सातवीत. त्याला प्लेस्टेशन ५ हवा होता, स्पायडरमॅनसाठी. एक्सबॉक्सवर तो गेम नाही. मी दोन संध्याकाळी मोबाइलवर अभ्यास केला. मग त्याला समजावत बसलो की बाबा रे, आता आधीसारखं राहिलं नाही, एक्सबॉक्सवाल्यांचे फोर्झा होरायझन ५ आणि गिअर्स ऑफ वॉर २०२५ मध्ये प्लेस्टेशनवर आलेसुद्धा. आबा खाटेवर पडून ऐकत होते. मध्येच म्हणाले, “शेजारना पोऱ्याकडे कोनतं शे?”

मी म्हटलं, एक्सबॉक्स.

“मंग तेच ले. दोन्ही मिळीसन खेळतीन.”

मी हसलो. मग थांबलो. विचारलं, “आबा, तेव्हा तुम्ही सेगा बघितला होता का?”

म्हणाले, दोन दुकानं फिरलो होतो. पैसे पुरत नव्हते. मग हा दिसला. मला वाटलं, टीव्हीला लागतो म्हणजे कॅसेटी एकमेकांच्या चालतील, तुम्ही दोघं भाऊ बदलून बदलून खेळाल.

तीस वर्षं हे मला माहीत नव्हतं.

आम्ही एक्सबॉक्स घेतला. पोरगं दोन दिवस फुगून बसलं. आता तो आणि शेजारचा पोरगा आपापल्या घरून एकत्र खेळतात आणि जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत.

भाऊबीजेनंतर मी संजूला फोन केला. काम काही नाही म्हटल्यावर तो आधी घाबरलाच. मग मी कबूल केलं की मला सॉनिकच जास्त आवडायचा. तो बराच वेळ हसला. म्हणाला, “आणि मला रोज तुमच्याकडे कॉन्ट्रा खेळायला यायचं होतं रे. घरी एकट्याने पळून पळून कंटाळा यायचा.” पुढच्या रविवारी येतो म्हणालाय, वहिनी आणि पोरांना घेऊन.

आबांना मात्र त्या ‘डुप्लिकेट’बद्दल मी अजून काही बोललो नाही. ते फेसबुक बघत नाहीत, म्हणून इथे लिहायला सोपं गेलं. संजू यायच्या आत त्यांच्याशी बोलायचं ठरवलंय.

तुमच्या गल्लीत कुणाकडे कोणता होता? आणि तो कुणी, कसा आणला होता, तेही लिहा.